चौथी तार

त्या कागदाच्या एकूण किती प्रती निघाल्या, हे मला सांगता येणार नाही. पहिल्या पन्नास मी स्वतः काढल्या, कराडच्या स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, डिसेंबर १९९४ मध्ये. पुढचं मोजायचं मी मुद्दाम टाळलं. जो मागेल त्याला द्यायचा, नाव विचारायचं नाही, असं ठरवूनच तो कागद बाहेर काढला होता.

मी तेव्हा कराडच्या एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर होते. घर सांगलीचं, कराडला खोली घेऊन राहत होते. प्रॅक्टिकलच्या वह्या तपासून झाल्या की सर्किटं जुळवत बसायचा मला नाद होता. नादच म्हणायचा, कारण त्यातलं काही कधी कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं. मग सयाजीराव भेटले.

सयाजीराव सैन्यात सिग्नल्समध्ये सतरा वर्षं काढून आले होते आणि कडेगावला विहिरीवरच्या जळलेल्या मोटरींची तार पुन्हा गुंडाळून द्यायचं, रिवाइंडिंगचं, दुकान चालवत होते. एक ट्रान्झिस्टर तपासून घ्यायला ते आमच्या लॅबमध्ये आले आणि तासभर बोलत बसले.

"बाई, म्हैन्याला धा-बारा मोटरी जळून येत्यात माझ्याकडं," ते म्हणाले. "तीन फेजमधली येक गेली की मोटर नुसती घुमती आन् जळती. त्यात लाईट कवा यील, कवा जाईल, ह्येचा पत्त्या न्हाई. बटन दाबायला हिरीवर येक मानूस बसवून ठेवावा लागतोय. तुमी शिकलेल्या. कायतरी करा की."

मी तीन महिन्यांत केलं. तळहाताएवढी तांब्याचा पत्रा चिकटवलेली पट्टी, त्यावर नेलपॉलिशने काढलेल्या रेघा, उरलेलं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवलेलं. तिन्ही फेज नीट आहेत का ते हे कार्ड बघायचं. असतील तर अर्ध्या मिनिटाने मोटर आपोआप चालू करायचं, एक जरी गेली तरी लगेच बंद करायचं. मोटर चालू असताना हिरवा दिवा लागायचा. ट्रान्सफॉर्मर खेड्यात मिळत नाही म्हणून तो मी टाळला आणि त्याच्या जागी एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर वापरला. त्यातून बहात्तर मिलिअँपिअर करंट मिळतो. आतल्या रिलेला, म्हणजे मोटर चालू करणाऱ्या स्विचला, साठ लागतो. हा हिशोब मी तीनदा तपासला होता.

कार्डाला चार तारा होत्या. तीन फेजच्या, आणि चौथी न्यूट्रलची. करंट ज्या वाटेने परत जातो ती ही चौथी तार. माझ्या खोलीत, कॉलेजात, सांगलीच्या घरात, कुठल्याही प्लगमध्ये न्यूट्रल असते. तिच्याबद्दल वेगळा विचार करावा असं मला वाटलंच नाही.

फुलस्केप कागदाच्या एका बाजूला मी सर्किट काढलं, दुसऱ्या बाजूला तांब्याच्या रेघांचा नकाशा, खऱ्या मापात, म्हणजे कार्बन ठेवून थेट गिरवता येईल. आणि तळाशी लिहिलं: "हे सर्किट कुणीही बनवावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. बदल केल्यास तोही सर्वांना द्यावा. कुणी कुणाला अडवू नये."

मी जे काही शिकले होते ते मासिकांतून छापून आलेल्या सर्किटांवरून शिकले होते. कुणीतरी कुठेतरी ती घरी बसून केलेली असायची आणि खाली फक्त नाव असायचं. मला तसं करायचं होतं, इतकंच.

सांगलीला धवलशेठचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. मी नेहमीची गिऱ्हाईक. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"ज्ञानदाताई, हे मला एकट्याला द्या," ते म्हणाले. "चांगल्या डब्यात बसवू, नाव देऊ, प्रत्येक डब्यावर नंबर टाकू. वाटत काय सुटलात? हळदीकुंकवाचं वाण आहे का हे?"

"वाणच समजा," मी म्हणाले. "तुम्हीही बनवा. पण तुम्ही एकट्यानेच नाही."

ते हसले. मीही हसले. दहा प्रती त्यांच्या काउंटरवर ठेवून मी घरी गेले.

फेब्रुवारीत सयाजीराव लॅबमध्ये आले ते कागद नाचवतच.

"बाई, तुमचं कार्ड बेस हाय, पर शेतात येक गोष्ट न्हाई."

"काय?"

"न्यूट्रल. आवं, मोटरीला लागतच न्हाई ती. खांबावरनं तीन तारा येत्यात शेडात. चौथी आनायची कुठनं?"

मला हे ठाऊक नव्हतं. पुस्तकात तीन फेजच्या आकृतीत चौथी रेघ नेहमी काढलेली असते.

"पर म्या केलंय," ते म्हणाले, आणि कागद माझ्यासमोर ठेवला. माझ्या आकृतीवर त्यांनी बॉलपेनने एक रेघ वाढवली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'न्यूट्रल नसल तर आर्थिंगच्या पायपाला जोडा.' "चार फूट पाईप जमिनीत ठोकायचा, दीड फूट वर ठिवायचा. चौथी तार त्येला. कार्ड लगीच चालू. तीन ठिकानी लावून आलोय."

"हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं कसं? सतरा वर्सं तेच केलंय की! बॉर्डरवर फील्ड टेलिफोन असतोय, त्येला येकच वायर. दुसरी वायर म्हंजी धरती. खुटी ठोकायची, बोलायचं. आवाज बारीक आला तर खुटीवर पानी ओतायचं. पानी नसलं तर..." ते थांबले. "तुमच्यापुढं काय सांगू आता! जवान लोक काय करायचे ते समजून घ्या."

मी इतकी हसले की बाजूच्या टेबलावरचे सर वळून बघायला लागले.

मी खरोखरच आनंदात होते. माझा कागद दुसऱ्याच्या हाताने लिहिलेली ओळ घेऊन परत आला होता. मला हवं होतं ते हेच. आणि विज्ञान म्हणून पाहिलं तर त्यात काही खटकलं नाही. अर्थ म्हणजे जमीन, म्हणजे शून्य व्होल्ट. आकृतीत खाली लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा. त्याच संध्याकाळी मी नवा कागद काढला. माझ्या अक्षरात, स्केलने रेघ मारून: "न्यूट्रल उपलब्ध नसल्यास चौथी तार अर्थिंगच्या पाईपला जोडावी. जमीन कोरडी असल्यास पाईपमध्ये पाणी ओतावे. सुधारणा: सयाजी, कडेगाव." त्याच्या शंभर प्रती काढल्या. त्याच सगळीकडे गेल्या. विट्याला, तासगावला, मिरजेला, वर माण तालुक्यात. सयाजीरावांना एस.टी.त अनोळखी माणसाच्या हातात तो कागद दिसला होता. त्यांनी मला ते दोनदा सांगितलं.

वर्षभर सगळं छान चाललं.

एप्रिल १९९६ मध्ये एका मंगळवारी दुपारी सयाजीराव आले आणि स्टुलावर बसले. मुलं पेंडुलमचे झोके मोजत होती.

"बाळासोची बायकू गेली," ते म्हणाले. "शालूबाई. आमच्या मळ्याशेजारची. परवा."

"कशाने?"

"ऊन लागलं म्हंत्यात. हिरीपाशी पडली व्हती. डाक्टर म्हनला हार्ट." मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, त्यांच्यात आपलं कार्ड हाय. पायपाजवळ पडली व्हती. म्या टेस्टर लावून बघितला पायपाला. दिवा लागला न्हाई. म्हंजी पायपात करंट नव्हता, व्हय का न्हाई?"

"टेस्टर कधी लावला?"

"तासा-दीड तासानं. म्हाईत पडलं तसा पळालो."

"जमीन ओली होती?"

"व्हय. कळशी सांडली व्हती तिची. पायपात वतायलाच गेली आसंल. बाळासो उसाला पानी पाजत व्हता पार तिकडच्या कडंला. तो म्हनतो, पानी आलं की पाटाला. मोटर चालू झाली, म्हंजी सगळं बरूबर हाय असं समजून तो खाली वाकला."

मी त्यांना एकच प्रश्न आणखी विचारला. रोज ती पाणी कधी ओतायची?

"सकाळचं. लाईट यायच्या आदी. त्या दिशी लाईट दोन तास लौकर आली. गिरन सुरू झालेली ऐकून तिला कळलं आसंल, की लाईट हाय आन् आपली मोटर तेवडी बंद."

मी एका मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडे लिहिले. जमीन कोरडी झाली की करंटला परतीची वाट राहत नाही. मग कार्ड चालत नाही, मोटर चालू होत नाही, पण पाईपवर दोनशेतीस व्होल्ट येऊन उभे राहतात. ओल्या हाताने पाईप धरलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध दीड हजार ओहम धरला, कंडेन्सरचा तीन हजार एकशे ऐंशी. करंट पासष्ट मिलिअँपिअर. हृदय बंद पाडायला पन्नास पुरेसे होतात. रिलेला साठ लागतात.

म्हणजे तिने पाईप धरला तेव्हा चौथी तार पुरी झाली ती तिच्यामुळे. अर्ध्या मिनिटाने रिले ओढला गेला, मोटर चालू झाली, हिरवा दिवा लागला. मग कळशी सांडली, जमीन भिजली आणि करंटला जमिनीतून वाट मिळाली, म्हणून मोटर चालतच राहिली. म्हणूनच टेस्टर लागला नाही. बाळासोला उसात पाणी आलेलं दिसलं ते तिच्या अंगातून गेलेल्या करंटमुळे.

"काय निगतंय?" सयाजीराव म्हणाले.

मी वही त्यांच्याकडे वळवली. ते बारावी नापास होते, पण आकडे त्यांना कळायचे. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"फील्ड टेलिफोनात सेल असत्यात," ते म्हणाले. "टार्चचे."

"हो."

"म्या त्येचा इचारच केला न्हाई."

"तुम्ही करायचा नव्हता. मी करायचा होता."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मळ्यात आम्ही प्रत्यक्ष मोजलं. त्यांच्या अर्थिंगच्या पाईपला आठ दिवस पाणी घातलेलं नव्हतं. पाच हात दूर एक ओलं पोतं अंथरून त्यावर मीटरची दुसरी तार ठेवली. एकशे नव्वद व्होल्ट. माझं गणित चुकलेलं असावं अशी मला आशा होती, असं म्हणण्यात अर्थ नाही. ते चुकलेलं नाही हे मला कळलं होतं. आकडा फक्त हवा होता.

सयाजीरावांनी स्वतः बसवलेली कार्डं एकतीस होती. ती त्यांनी चार दिवसांत काढून आणली, पोत्यात भरून. प्रश्न त्यांचा नव्हताच. बाकीची कुठे होती?

मी सांगलीला धवलशेठकडे गेले. काउंटरवर माझ्या कागदाचा गठ्ठा होता, काळपट पडलेल्या झेरॉक्सचा, माझं अक्षर ओळखू येईल न येईल असा. शेजारी त्यांनीच बनवून घेतलेली कार्डं होती, पिशव्यांत.

"हे विकणं बंद करा," मी म्हणाले. "कागदही देऊ नका. माणूस मेलंय."

ते गंभीर झाले. सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी बंद करतो. आत्ता, तुमच्यासमोर. पण ताई, पुढे काय? माझ्याकडून नेऊन सातजण बनवताहेत. त्यांना कोण सांगणार? मी गेलो तर ते मला तुमचा कागद दाखवतील. कुणी कुणाला अडवू नये."

"ज्यांनी नेली त्यांची नावं?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, लिहायची नाहीत." त्यांना टोमणा मारायचा नव्हता, पण तो बसला. "नंबर टाकला असता तर आज एकेक शोधून काढला असता. मी म्हणालो होतो."

"म्हणाला होता."

त्यांनी गठ्ठा उचलून माझ्या हातात दिला. पिशवीत मावला नाही म्हणून मी तो छातीशी धरून घरापर्यंत चालत गेले.

मग मी तिसरा कागद काढला. ट्रान्सफॉर्मर असलेलं नवं सर्किट, आणि वर ठळक: "चौथी तार अर्थिंगला जोडू नये. जीवाला धोका संभवतो." रोज प्रॅक्टिकल संपलं की कुठल्यातरी गावी जायचं, रिवाइंडिंगवाल्याला, इलेक्ट्रिकच्या दुकानदाराला तो द्यायचा, असं महिनाभर केलं. रविवारी सयाजीराव मोटारसायकलवरून न्यायचे. लोक कागद घ्यायचे, वाचायचे आणि खिशात ठेवायचे.

"धोका तर समद्यातच हाय," विट्याजवळचा एक मिस्त्री म्हणाला. "डीपीला हात लावला तरी धोका हाय. दीड वर्स चालतंय की आमचं. कोन मेलंय व्हय?"

मी तोंड उघडलं आणि सयाजीरावांनी माझ्या कोपराला हात लावला.

परत येताना आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो.

"मेलंय म्हणून सांगितल्याशिवाय कुणी काढणार नाही," मी म्हणाले. "नावगावासकट."

"आन् बाळासोला काय सांगनार?"

"खरं."

"बाई, त्यो माझा लंगोटीयार हाय. आत्ता त्येला वाटतंय, देवानं नेली. ऊन लागलं. मानूस त्याच्यावर जगतोय. तुमी जाऊन सांगनार, तुझ्या कार्डानं नेली. ते कार्ड म्या बसवलं. आन् पानी वतायला तिला रोज कोन लावून देत व्हतं? त्यो मरंल बाई. जित्तेपणी मरंल."

"आणि नाही सांगितलं तर दुसरं कुणीतरी मरेल."

"त्ये बी खरं हाय," ते म्हणाले, आणि किक मारत राहिले. गाडी तिसऱ्या किकला चालू झाली.

पुढच्या रविवारी मी एकटीच एस.टी.ने गेले. सयाजीराव नकोत असं मीच सांगितलं होतं.

बाळासो गोठ्यापाशी वैरण तोडत होता. पन्नाशीचा, हडकुळा, डोकं भादरलेलं. मला बसायला त्याने खाट झटकली. मी कोण हे त्याला माहीत होतं.

"कार्डाच्या बाई तुमी. लय उपकार झालं बगा तुमचं," तो म्हणाला. "सयाजीनं काढून नेलं, का नेलं म्हाईत न्हाई. आता परत हिरीवर बसावं लागतंय."

मी सांगितलं. आकडे सोडून सगळं. पाईप, कोरडी जमीन, लवकर आलेली वीज, तिचा ओला हात, हिरवा दिवा. माझ्या कागदावरची ओळ मी स्वतः लिहिली होती, सयाजीरावांनी फक्त सुचवलं होतं, हेही सांगितलं. तो विळा खाली ठेवून ऐकत होता. मधे एकदा म्हैस ओरडली तेव्हा त्याने मागे न बघता तिच्यापुढे पेंढी टाकली.

"पानी आलं तवा," तो म्हणाला, "ती जिती व्हती का?"

येताना मी विहिरीपासून त्याच्या उसाच्या कडेपर्यंतचं अंतर चालून पाहिलं होतं. चारशे मीटर. पळत तीन मिनिटं. हृदय असं थांबल्यावर माणूस चार-एक मिनिटं परत आणण्याजोगा असतो, कधी जास्त, कधी कमी. कुणी जवळ असलं तर, आणि त्याला काय करायचं हे येत असलं तर. पाणी पाटातून तिकडे पोचायला किती वेळ लागला असेल, हे मला माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "ती लगेच गेली. तिला कळलंसुद्धा नसेल."

प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तरासोबत चूक किती असू शकते तेही लिहायला मी मुलांना लावते. लिहिलं नाही तर मार्क कापते.

त्याने पायाजवळ पडलेली वैरण गोळा केली. मग म्हणाला, "म्या चिडलो व्हतो. सकाळी. न्याहारीच्या वक्ताला. आदल्या दिशी तिनं पानी वतलं न्हवतं, मोटर लागली न्हाई, वाफं वाळलं. म्हनलं, येवडं येक काम हुत न्हाई तुज्यानं. म्हनून त्या दिशी..." त्याने हात वाऱ्यावर हलवला आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी म्हणाले, "मला कागदावर तिचं नाव लिहायचंय. म्हणजे लोक ऐकतील. तुम्ही नाही म्हणालात तर लिहिणार नाही."

"लिवा," तो म्हणाला. "नाव लिवा. गाव लिवा. पर म्या बोललो व्हतो, त्ये लिवू नगा."

"नाही लिहिणार."

मी निघाले तेव्हा तो उठला नाही. रस्त्याला लागेपर्यंत विळ्याचा आवाज पुन्हा सुरू झाला नव्हता.

चौथा कागद मी फार काळजीपूर्वक लिहिला. तारीख, वेळ, तिचं नाव, गाव. काय आणि कसं घडलं, पायरी पायरीने. खाली माझं पूर्ण नाव आणि कॉलेजचा पत्ता. या वेळी पाचशे प्रती. पलूस, विटा, आटपाडी, दहिवडी. परिणाम झाला. माणसं वाचताना थांबायची, नाव मोठ्याने उच्चारायची. महिन्याभरात आमच्याकडे एकशे बारा कार्डं परत आली. काही नुसती टाकून दिल्यासारखी, काही फडक्यात गुंडाळलेली. माझ्या खोलीत टेबलाखाली ती रचून ठेवली होती. एकशे बारा आणि एकतीस. छेद काय, हे मला माहीत नव्हतं. कधीच कळणार नव्हतं.

मार्च १९९७ मध्ये सयाजीरावांच्या कानावर आलं की म्हसवडच्या बाजूला अजून कार्डं आहेत. आम्ही गेलो. गावाबाहेर दोन कोसांवर लालासाहेब नावाच्या एका शेतकऱ्याची विहीर होती. साठीचा माणूस, पांढराशुभ्र सदरा, बोलणं मऊ. शेडमध्ये कार्ड होतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं, आणि कंडेन्सर एकाच्या जागी दोनचा. म्हणजे करंट दुप्पट.

"हा कुणी बदलला?"

"आमच्या भाच्यानं. रिले मोटा हाय त्येचा, म्हनला. कागदावर लिवलंय न्हवं, बदलावं म्हनून."

स्टार्टरच्या डब्यावर माझा चौथा कागद चिकटवलेला होता. खळीने, चारही कोपरे नीट दाबून.

"हा वाचलात?" मी विचारलं.

"वाचला की. वाईट झालं. बिचारी." त्यांनी खरोखर हळहळून मान हलवली. "पर नव्या कार्डाला ट्रान्सफॉर्मर लागतोय, त्यो हितं मिळत न्हाई. ह्ये झ्याक चालतंय. आन् आमी काळजी घेतो. तुमी लिवलंय न्हवं, तिच्या पायात कायी नव्हतं म्हनून? आमी सुनंला सांगून ठिवलंय. चप्पल घातल्याबिगर पायपाकडं जायाचं न्हाई."

मी सगळं नेमकं लिहिलं होतं. वेळ, व्होल्टेज, कळशी, अनवाणी पाय.

मी स्टार्टर बंद केला, पक्कड काढली आणि चौथी तार तोडली. लालासाहेबांनी अडवलं नाही. सयाजीराव त्यांना समजावत होते, अर्थ म्हणजे काय, करंट कसा फिरतो, हात जोडून, शिव्या देऊन, पुन्हा हात जोडून. "आवं दादा, म्या केलंय ह्ये पाप, माझं ऐका!" लालासाहेब ऐकत होते.

"तुमी लांबनं आलाय," ते शेवटी मला म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तुमी गेल्यावर जोडनार. मका वाळाय लागलाय."

"मग मी जात नाही," मी म्हणाले, आणि शेडच्या उंबऱ्यावर बसले.

त्यांनी चहा मागवला. सून घेऊन आली. राजेश्वरी तिचं नाव. विशीतली, डोक्यावर पदर, पायात निळ्या रबरी चपला. टाचेपाशी झिजून त्यांना आरपार भोकं पडली होती. मी तिला विचारलं, पाईपला हात लावल्यावर काही होतं का?

"मुंग्या येत्यात," ती म्हणाली. "कवातरी. लय न्हाई."

चहा संपला. सयाजीराव मोटारसायकलपाशी जाऊन उभे राहिले होते, पाठ करून. चार वाजले, साडेचार वाजले. लालासाहेब बाजूला बसून तंबाखू मळत होते. त्यांना घाई नव्हती. मी उद्या येऊ शकले असते, परवाही. तेरवा कॉलेज होतं.

मी उठले आणि राजेश्वरीला म्हणाले, "कळशी आण."

तिने भरलेली कळशी आणली. मी शेडमागे पडलेला काळ्या प्लॅस्टिकच्या पाईपचा तीन हात लांब तुकडा उचलला, त्याचं एक टोक अर्थिंगच्या पाईपच्या तोंडावर टेकवलं आणि दुसरं तिच्याकडे दिलं.

"ह्यातून ओतायचं. लांब उभं राहून. वीज यायच्या आधी. वीज आली असेल तर अजिबात नाही, मोटर बंद असली तरी नाही. आणि त्या लोखंडी पाईपला हात लावायचा नाही. कधीच नाही."

ती लांब उभी राहिली. कळशी कमरेवर तिरपी केली. पाणी काळ्या पाईपमधून सावकाश उतरून जमिनीत गेलं.

"असं?" तिने विचारलं.

"असं," मी म्हणाले.